उजाळा

पातेल्यावरचं झाकण उचललं तर खडा हिरवा पडला होता.

मी झाकण परत ठेवलं. थोडं थांबून पुन्हा उचललं, जणू मधल्या वेळात तो आपणहून पूर्वीसारखा होणार होता. शुक्रवारची सकाळ होती, दहाचा सुमार. आखातातल्या अल-खोबरमधल्या आमच्या हॉस्पिटलच्या नर्सेस क्वार्टर्सचं तिसऱ्या मजल्यावरचं सामाईक स्वयंपाकघर. बाकीच्या एकतर ड्यूटीवर होत्या नाहीतर सुट्टीची झोप घेत होत्या. खिडकीतला एसी घरघरत होता आणि माझ्यासमोर लिंबाच्या कोमट पाण्यात अर्लीनचं चांदीचं कडं पडलं होतं. कडं पांढरंशुभ्र झालं होतं. इतकं पांढरं की नुकतंच मुशीतून बाहेर पडल्यासारखं. त्याच्या मधोमध बसवलेला तो फिरोज्याचा खडा, अंगठ्याच्या पेराएवढा, आदल्या दिवसापर्यंत निळा होता. निळीची पुडी बादलीत फिरवली की पहिल्या क्षणी पाण्याला जो रंग येतो, तसा निळा. आता तो हौदाच्या कडेला शेवाळ धरतं तसा झाला होता, आणि त्याची चमकही गेली होती. मी चिमट्याने कडं बाहेर काढलं, साध्या पाण्यात बुडवलं, पुन्हा बुडवलं. पदराने पुसलं. तळव्यावर खोबरेल घेऊन खड्याला चोळलं. तेलाने तो जरा गडद झाला. गडद हिरवा. मी बाबाजी सोनारांची मुलगी. हुपरीत जन्मले, चांदीच्या भुकटीत रांगले. आणि मला हे ठाऊक नव्हतं.

आता मी ऐंशीच्या घरात आहे. सकाळी कुठली गोळी घेतली ते मला आठवत नाही, पण त्या पातेल्याचा कोचा आलेला काठ आठवतो. ते साल सत्याहत्तर. खोबर तेव्हा रोज वाढत होतं. सकाळी ड्यूटीला जाताना जिथे वाळू दिसायची तिथे आठवड्याने खांब उभे राहायचे. तेलाचा पैसा आला होता आणि सगळ्यांना सगळं नवं हवं होतं. इमारती नव्या, गाड्या नव्या, हॉस्पिटलही नवंच, भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. मी मिरजेला नर्सिंग करून, सहा वर्षं कोल्हापुरात नोकरी करून तिथे आले होते. नवरा दत्तात्रय शाळेत मास्तर, मुलगी लहान, सासूबाईंपाशी. त्या वयात माणसाला वाटतं की दोन-तीन वर्षं म्हणजे काय, मुठीतून धान्य सांडावं तशी निघून जातील. तशी ती गेलीही. फक्त सांडलं ते माझ्या लेकीच्या मुठीतून, हे नंतर कळलं.

अर्लीन नेझ माझ्या खोलीत आली ती एका कारकुनाच्या चुकीमुळे. अमेरिकन नर्सेस वेगळ्या राहायच्या, कुंपणाच्या आत बंगल्यांमध्ये. त्यांना हिरवळ होती. अर्लीन अमेरिकेचीच, ॲरिझोनाची, पण तिथल्या मूळ लोकांपैकी, नावाहो. तिच्या कागदांवर एका रकान्यात ‘अमेरिकन इंडियन’ असं होतं. आमच्या ऑफिसातले सिराजुद्दीन, लखनौचे, अतिशय अदबशीर माणूस. त्यांनी ते वाचलं आणि ठरवलं की ही आपल्याकडचीच कुणी, पासपोर्ट तेवढा अमेरिकेचा. झालं. एका दुपारी ती दोन बॅगा घेऊन इंडियन नर्सेसच्या मजल्यावर, माझ्या खोलीच्या दारात उभी. रुंद गालफडं, बारीक डोळे, आणि काळ्या केसांचा मानेवर बांधलेला अंबाडा, त्याला पांढऱ्या लोकरीचे पुष्कळ वेढे. शेजारच्या खोलीतली इस्मत हैदराबादची. ती लगेच डोकावली.

‘‘कौन से स्टेट के हो आप?’’

अर्लीनला अंदाजाने प्रश्न समजला. ‘‘ॲरिझोना,’’ ती म्हणाली.

‘‘अरुणाचल!’’ इस्मत माझ्याकडे वळून म्हणाली. ‘‘देखे? मैं शकल सेच समझ गई थी.’’

दोन दिवसांनी सिराजुद्दीनना चूक कळली. ते स्वतः वर आले, दाराबाहेर उभे राहून, नजर जमिनीकडे ठेवून माफी मागू लागले. बंगल्यात जागा आहे, आजच सामान हलवतो म्हणाले. अर्लीन पलंगावर बसून मोजे घडी करत होती. ती म्हणाली, ‘‘या चुकीला पाचशे वर्षं होत आली, मिस्टर सिराज. तुम्ही एकट्यानं कशाला दुरुस्त करताय?’’ सिराजुद्दीनना ते कळलं नाही. ती अमेरिकेलाच इंडिया समजलेल्या पहिल्या गोऱ्यांबद्दल बोलत होती हे मलाही तेव्हा कळलं नाही. पण ती राहिली.

तिच्या डाव्या मनगटात ते कडं होतं. बंद नव्हे, खालच्या बाजूला फट असलेलं, मनगटाच्या बारीक बाजूने सरकवून फिरवायचं. पहिल्याच दिवशी मी ते पाहिलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, केवढी काळी पडू दिली आहे चांदी! कड्यावर दोन्ही बाजूंना ठशांची नक्षी होती, छोटे अर्धगोल, त्यांच्या पोटात रेषा, मग पुन्हा अर्धगोल. आणि त्या नक्षीच्या प्रत्येक खाचेत काळं बसलेलं. उंचवट्यांवर मात्र वापराने चांदी मऊ, राखाडी उजळ झालेली. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझ्या आजोबांनी केलं. आईच्या वडिलांनी. त्यांचं नाव मी विचारलं, तर तिने सांगितलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यात उगाच घेत नाहीत. ‘‘ज्यांनी हे केलं ते,’’ एवढंच म्हणायची. मला त्यात विचित्र वाटलं नाही. माझ्या आईने, सरूबाईने, उभ्या जन्मात माझ्या वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. पोस्टमनने विचारलं तरी ती मला पुढे करायची.

त्या नाव नसलेल्या माणसाबद्दल आम्ही पुष्कळ बोललो. तिचं इंग्रजी सावकाश असे, वाक्यांच्या मध्ये लांब थांबे असत, त्यामुळे मला झेपायचं. त्यांच्या लोकांनी चांदीचं काम मेक्सिकन कारागिरांकडून उचललं, फार जुनं नाही, तिच्या आजोबांच्या आजोबांच्या काळात. आधी नाणी वितळवून करायचे. ठसे विकत मिळत नव्हते, म्हणून झिजलेल्या कानशी घेऊन त्यांची टोकं घासून ठसे बनवायचे. हे ऐकलं तेव्हा मी उठून बसले. कारण माझे वडील तेच करायचे. आमच्या माडीखालच्या खोलीत ऐरणीशेजारी एक डबा होता, त्यात जुन्या कानशींचे ठसे, कुठला कोयरीचा, कुठला गव्हाच्या दाण्याचा, आणि त्या डब्यात हात घातला की कुठला ठसा ते वडील न पाहता ओळखायचे. अर्लीन म्हणाली, आमच्याकडे तंबाखूचा डबा होता. मी उठून तिच्या पलंगावर जाऊन बसले. एका सोनाराच्या घरातलं माणूस दुसऱ्या सोनाराच्या घरातल्या माणसाला भेटलं की असंच होत असावं. इतक्या लांब, जिथे दोघींपैकी कुणाचंच कुणी नाही, अशा ठिकाणी.

एका गुरुवारी हॉस्पिटलच्या बसने आम्ही होफुफच्या बाजारात गेलो. तिथे एका दुकानात जमिनीवर चटई पसरून तिच्यावर चांदीच्या दागिन्यांचा ढीग घातला होता. वाळवंटातल्या भटक्या बदू बायकांचे कमरपट्टे, ताईत, घुंगरांच्या माळा, काहींत फिरोजे. बायका ते आणून देत होत्या आणि समोरच्या दुकानातून सोन्याच्या बांगड्या घेऊन जात होत्या. आता चांदी कोण घालतं, असं दुकानदार हसून म्हणाला. ढीग वितळायला जायचा होता. अर्लीन त्याच्यापाशी उकिडवी बसली, एकेक डाग उचलून त्याची मागची बाजू बघत राहिली. पुढची नाही, मागची. वडीलही तसंच करायचे, दागिना हातात आला की आधी उलटा करायचे, कारण करणारा माणूस मागे सापडतो. ड्रायव्हर चला म्हणून ‘‘यल्ला, यल्ला’’ करू लागला तरी ती उठेना. मी तिच्या खांद्याला हात लावला तर ती म्हणाली, ‘‘बामा, यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी अंगावर काळी झाली आहे.’’ मी सत्यभामा, ती मला बामा म्हणायची. त्या वाक्यात सगळं होतं. तिने मला आधीच सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं. मी फक्त मान हलवली.

मग कडं तडकलं. एका लठ्ठ म्हाताऱ्या पेशंटला कूस बदलून देताना अर्लीनचा हात पलंगाच्या दांडीत अडकला. कड्यावर खड्याच्या बाजूला आरपार भेग गेली. खोलीत येऊन तिने ते काढलं, मनगटावर त्या जागी कातडी फिकी होती, आणि ती फिकी जागा ती दुसऱ्या हाताने झाकून बसली. बाजारातल्या सोनाराकडे द्यायला ती तयार नव्हती. मी म्हणाले, ‘‘मी जोडते.’’ ती माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं की आमच्याकडे पैंजणांच्या कड्या बायकाच जोडतात, दहा वर्षांची असल्यापासून मी आईशेजारी बसून सांधायचा डाख लावला आहे. हे खरं होतं. तिने कडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, ‘‘फक्त भेग.’’

हेही तिने सांगितलं होतं. फक्त भेग.

हॉस्पिटलच्या दातांच्या लॅबमध्ये नूरुद्दीन नावाचे टेक्निशियन होते, दापोलीकडचे. त्यांच्याकडे बारीक ज्योतीची गॅसची फुंकणी होती, टाकणखार होता, चांदीचा डाखही होता.

‘‘नूरभाई, जरा तुमची फुंकणी हवी होती.’’

‘‘कशाला? दात जोडताव काय कुणाचा?’’

‘‘कडं जोडायचंय.’’

‘‘अगो बाय, मी दातांचा माणूस. सोनार नाय.’’

‘‘सोनार मी आहे. तुम्ही नुसते बाजूला उभे राहा. आमच्या हुपरीत डाख बायकाच लावतात.’’

‘‘आमच्या दापोलीत पण बायका डाग देतात. पण नवऱ्याला,’’ ते म्हणाले आणि फुंकणी पेटवून दिली.

खड्याला आच लागू नये म्हणून मी कच्चा बटाटा अर्धा कापून त्यात खड्याची बाजू रुतवली. ही युक्ती वडिलांची. भेग घासली, टाकणखार लावला, डाखाचा कण ठेवला. ज्योतीकडे बघायचं नसतं, चांदीकडे बघायचं असतं. ती आधी मळकट होते, मग तिच्यावर एक लाजरी तांबूस छटा येते, आणि त्याच्या पुढच्या क्षणाला डाख पाण्यासारखा भेगेत धावतो. तो धावला. नूरुद्दीन ‘‘या अल्ला’’ म्हणाले. मी मागे झाले तेव्हा माझ्या पाठीवरून घाम उतरत होता आणि मला वाटलं, की या देशात आल्यापासून मी पहिल्यांदाच काहीतरी केलं आहे. बाकी सगळं नुसतं पार पाडलं आहे. भेगेची जागा बोटाला लागत नव्हती. फक्त तेवढा भाग, नखाएवढा, तापून साफ झाला होता, भोवतालच्या जुन्या काळ्यात पांढरा डाग. नूरुद्दीन म्हणाले, ‘‘मस्त झालं. देऊन टाका आता तिला.’’

मी दिलं नाही. इथे मी पंचेचाळीसहून जास्त वर्षं घुटमळते आहे. आमच्या घरची रीत अशी होती की दुरुस्तीला आलेला दागिना उजळल्याशिवाय परत जायचा नाही. काळी चांदी बाईच्या हातात ठेवणं आईला अशुभ वाटे. काळं पडलेलं पैंजण म्हणजे घराची दशा फिरली, असं ती म्हणायची, आणि मागितलं नसलं तरी रिठ्याच्या पाण्यात उकळून, ब्रशने घासून, मऊ फडक्यात गुंडाळून द्यायची. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी लहानपणी कोपऱ्यात बसून पाहायचे. ते मला अर्लीनच्या चेहऱ्यावर पाहायचं होतं. प्रेमाने केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. प्रेम होतंच. पण त्याच्या खाली दुसरंही काही होतं. मला दाखवायचं होतं. तुझे आजोबा कारागीर, तर माझ्याही हातात काही आहे. खोबरमध्ये रिठे नव्हते. लिंबं होती, सोडा होता. पाणी गरम केलं, लिंबं पिळली, कडं सोडलं, वर सोडा घातला. फस्सकन फेस आला. आमच्या चांदीत खडे नसत. लिंबू आणि आच फिरोज्याला चालत नाही हे कुणी मला सांगायचा प्रश्नच आला नव्हता.

दुपारी साडेतीनला अर्लीन ड्यूटीवरून आली. कडं तिच्या उशीवर फडक्यात ठेवलं होतं. तिने बूटही काढले नाहीत. फडकं उलगडलं. मी खिडकीपाशी उभी राहून वाळत घातलेल्या एप्रनच्या चुण्या मोडत होते. तिने कडं उलटं केलं, मागून पाहिलं, भेगेची जागा शोधली, सापडली नाही. मग सुलटं केलं. ते चेहऱ्याजवळ नेलं, फार जवळ. बराच वेळ तसंच धरलं. नक्षी आता कशी दिसत होती ते मला त्या अंतरावरून प्रथमच दिसलं. खाचांतलं काळं गेल्यामुळे ते अर्धगोल पांढऱ्यात पांढरे विरले होते. आजोबांनी कोरलेलं सगळं जागच्या जागी होतं आणि डोळ्यांना दिसत नव्हतं.

‘‘जोड सुंदर आहे,’’ ती म्हणाली. मग, ‘‘खडा कधी बदलला?’’

मी उत्तर तयार केलं नव्हतं. ते आपोआप आलं. ‘‘मला माहीत नाही. सकाळी पाहिलं तर असा.’’

प्रत्येक शब्द तसा खरा होता. सकाळी पाहिलं, तर असा. मी खिडकीकडे वळले. मागे पलंग करकरला, ती बसली असावी. मग तिने सांगितलं, नेहमीसारखं सावकाश, की तिची आजी म्हणते, आपल्यावर येणारं काही असेल तर फिरोजा ते आधी स्वतःवर घेतो. तडकतो, नाहीतर रंग टाकतो. या वेळी दोन्ही झालं. ‘‘म्हणजे काहीतरी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आजीला काहीतरी आहे.’’

आजी तिकडे डोंगरात एकटी, मेंढ्या घेऊन. फोन नाही. पत्राला महिना. अर्लीनचा करार संपायला तीन महिने राहिले होते. करार पुरा झाल्यावर मिळणाऱ्या रकमेतून आजीच्या दारात पाण्याची टाकी आणि पंप बसवायचा होता, त्यासाठीच ती इतक्या लांब आली होती. दोन वर्षांपैकी एकवीस महिने तिने त्या पंपासाठी काढले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिराजुद्दीनच्या खिडकीशी उभी होती. मध्येच सोडलं तर काही मिळणार नाही, तिकीटही स्वतःचं, पुन्हा या देशात नोकरी नाही, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. ‘‘खलास, सिस्टर. सब खलास. सोच लीजिए.’’ तिने अर्ज पुढे सरकवला. कागद व्हायला आठ-दहा दिवस लागणार होते.

मला एक वाक्य बोलायचं होतं. लिंबू मी लावलं. एवढंच. ते बोललं की ती थांबली असती, पंप बसला असता, आणि मलाही ती हवी होती, तिच्याशिवाय त्या खोलीत राहणं मला कल्पनेतही नको होतं. सगळं एकाच बाजूला होतं. तरी जीभ उचलत नव्हती. मी ड्यूटीवर सलाइनच्या बाटल्या बदलायचे, ‘‘खैर, खैर’’ म्हणत बदू बायकांची समजूत काढायचे, आणि मनात वाक्य जुळवायचे. खोलीत आलं की ती काहीतरी आवरत असायची. ती चहा ठेवायची, दोन कप. मला कळत होतं की मी फसवते आहे ते तिला नव्हे. मी हुपरीच्या त्या माडीखालच्या खोलीत वडिलांसमोर उभी होते आणि म्हणत होते, मी काही केलं नाही, सकाळी पाहिलं तर असा. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. लहानपणी एकदा मी चांदी वितळवायची मूस फोडली होती आणि स्वतःच जाऊन सांगितलं होतं. ते रागावले नव्हते. ‘‘कारागिरानं नासवलं तर आधी स्वतः सांगावं,’’ म्हणाले होते, ‘‘गिऱ्हाइकानं विचारायच्या आत.’’ मग वडाच्या पानावर गूळ दिला होता. तो गूळ मला त्या दिवसांत सारखा तोंडात यायचा, आणि त्याच्यामुळेच अधिक बोलवेना. नऊ वर्षांच्या मुलीला जमलं ते एकतिसाव्या वर्षी जमत नव्हतं, हे कबूल करणं आणखीच अवघड होतं.

सहाव्या दिवशी नूरुद्दीन कॅन्टीनमध्ये भेटले. ‘‘ती तुमची मैत्रीण जाते म्हणे? कड्याचा खडा फिरला म्हणून?’’

मी मान खाली घातली.

‘‘तुमी त्याला काय लावलंत?’’

‘‘लिंबू.’’

‘‘फिरोज्याला? अगो बाय माझे!’’ त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘‘माझ्या बापाच्या अंगठीत होता. नमाजाआधी वजू करताना काढून ठेवायचा तो. साधं पाणी लावू देत नसे, आनि तुमी लिंबू!’’

‘‘मला माहीत नव्हतं, नूरभाई.’’

‘‘तेव्हा म्हायती नव्हतं. आता हाय ना?’’ ते एवढंच म्हणाले आणि ताट घेऊन उठले. पुढे तो माणूस लिफ्टपाशी दिसला की मला जिन्याने जावंसं वाटे.

नवव्या दिवशी कागद आले. दुपारी अर्लीन गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. वारा समुद्राकडून होता, चिकट, आणि दूरवर तेलाच्या विहिरींवरच्या ज्वाला उन्हात जवळजवळ न दिसणाऱ्या. मी वर गेले. एक चादर तिच्या हातात होती, तिचं दुसरं टोक मी धरलं. आम्ही ती ताणली, दुमडली, जवळ आलो. तिच्या मनगटातलं ते पांढरं कडं चादरीपेक्षा पांढरं दिसत होतं.

‘‘अर्लीन, खडा आपोआप बदलला नाही. मी कडं लिंबाच्या पाण्यात उकळलं. उजळायला. तू फक्त भेग म्हणाली होतीस.’’

तिने चादरीची शेवटची घडी केली.

‘‘मला माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘त्याला लिंबाचा वास येत होता.’’

तिने कडं चेहऱ्याजवळ, फार जवळ धरलं होतं ते मला आठवलं.

‘‘त्याच दिवशी कळलं?’’

‘‘त्याच दिवशी. सगळ्या स्वयंपाकघराला येत होता.’’

‘‘मग तू जातेस कशाला? पंप, टाकी, सगळं सोडून? खड्यानं काही सांगितलं नाही. ते लिंबू होतं.’’

‘‘हिरवा दिसला तेव्हा मला पहिल्यांदा आजी आठवली, बामा. पंप नाही आठवला. लिंबू असो की आणखी काही. एकवीस महिने मी पंपाचंच बोलत होते. ती म्हातारी नळाला काय करणार आहे? ती मला दर पत्रात विचारत होती, तू कधी येतेस.’’ ती थांबली, वाऱ्याने सुटलेली लोकर तिने अंबाड्यात खोचली. ‘‘मी कागद टाकले ते माझ्यासाठी.’’

‘‘मग मला का नाही म्हणालीस की कळलंय? नऊ दिवस!’’

आता तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. ‘‘मी वाट बघत होते. रोज चहा ठेवायचे तेव्हा वाटायचं, आज बोलेल. काल रात्री वाटलं, नाहीच बोलणार. मग तू बोलली नाहीस तर तुझ्याबद्दल काय लक्षात ठेवायचं ते मी ठरवत पडले होते.’’

आम्ही उरलेले कपडे काढले. चिमटे मी ओच्यात गोळा केले. खाली उतरताना जिन्यात ती पुढे होती, मी मागे, आणि मला तिची मान दिसत होती. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यांच्यात तसं म्हणतात की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलची गाडी आली. इस्मत रडली, तिने अर्लीनला ‘‘अरुणाचल’’ म्हणून मिठी मारली. मी बॅग उचलून दिली. अर्लीनने माझा हात हातात घेतला, दाबला नाही, नुसता धरला, जड काही असावं तसा, आणि सोडला.

ती गेल्यावर खोलीतला दुसरा पलंग बरेच दिवस रिकामा राहिला. मी ड्यूटीवरून येऊन त्याच्याकडे पाठ करून झोपायचे. तिचा पत्ता माझ्याकडे होता. पत्र लिहायला बसले की पहिल्या ओळीवर अडायचे. आजी कशी आहे, हे विचारायला मी भीत होते. आजी बरी आहे असं उत्तर आलं तर माझ्या लिंबापायी तिच्या दारातलं पाणी गेलं. आजी गेली असं आलं तर त्या खड्याला माझ्यापेक्षा जास्त समजत होतं. या दोन्हींतलं कुठलं उत्तर मला झेपेल ते ठरेना, म्हणून मी लिहिलंच नाही. चार महिने गेले. उन्हाळा उतरला. होफुफच्या बाजारातून आलेली इस्मत सांगत होती की चांदीवाल्याने दुकानच सोन्याचं केलं.

मग एका दुपारी सिराजुद्दीननी खिडकीतून एक पोस्टकार्ड पुढे केलं. पुढे तांबड्या दगडांच्या डोंगरांचं चित्र. मागे तिचं मोठं, सरळ अक्षर. नमस्कार-चमत्कार काही नव्हता. लिहिलं होतं, ‘‘खाचा पुन्हा काळ्या व्हायला लागल्या आहेत. खडा तसाच. मी आजीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस हसते आहे, मेंढ्यांनाही सांगते. तिला एवढंच जाणून घ्यायचंय की लिंबं किती होती.’’

मी तिथेच, खिडकीच्या कठड्यावर, सिराजुद्दीनकडून पेन आणि एक कोरं कार्ड मागून घेतलं. त्यांनी विचारलं, ‘‘सब ख़ैरियत?’’ मी हो म्हणाले. तीन लिहिणार होते. तीन बरं दिसलं असतं. मग लिहिलं, ‘‘पाच. आणि बाटलीतला रस थोडा.’’ आणि दुपारचं टपाल निघायच्या आत ते टाकायला धावत गेले.